लेबर रूमचे रोटेशन आणि हाय-रिस्कचे रोटेशन: फरक नेमका कशात आहे?

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या निवासी प्रशिक्षणात नव्याने दाखल झालेल्या डॉक्टरला रोटेशनच्या, म्हणजे ठरावीक काळ एकेका विभागात काम करण्याच्या, वेळापत्रकात ही दोन नावे बहुधा शेजारी-शेजारी दिसतात. एक लेबर रूमचे आणि दुसरे माता-गर्भ वैद्यकाचे, म्हणजे जोखमीच्या गर्भारपणाचे, ज्याला रोजच्या बोलण्यात नुसते ‘हाय-रिस्क’ म्हटले जाते. दोन्हीकडे रुग्ण गर्भवती स्त्रीच असते, दोन्हीकडे रक्तदाब, बाळाच्या हृदयाचे ठोके आणि सोनोग्राफीचे अहवाल पाहिले जातात, आणि सकाळी हाय-रिस्क वॉर्डात तपासलेली स्त्री रात्री लेबर रूममध्ये पुन्हा समोर येणे हेही नेहमीचेच आहे. त्यामुळे दुसरे रोटेशन म्हणजे पहिल्याचीच अवघड आवृत्ती, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात लेबर रूममध्ये अवघड रुग्णांची वाण कधीच नसते, आणि हाय-रिस्कच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या अनेक स्त्रियांना त्या दिवशी काहीही होत नसते. फरक रुग्णाच्या गंभीरतेत नसून निर्णयासाठी हाती असलेल्या वेळेत आहे: एकीकडे तो मिनिटांत मोजावा लागतो, दुसरीकडे आठवड्यांत.

लेबर रूममध्ये पहिला प्रश्न असतो तो कळा खऱ्या आहेत की नाहीत हा. गर्भाशयाचे मुख किती उघडले आहे, डोके किती खाली आले आहे आणि त्याची दिशा कोणती, हे बोटांनी ओळखण्याची सवय याच ठिकाणी लागते, आणि ती पुस्तक वाचून लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीचा सक्रिय टप्पा हे मुख ५ सेंटीमीटर उघडल्यापासून धरला जातो, तर अमेरिकी मार्गदर्शनात ही मर्यादा ६ सेंटीमीटर आहे. ही तफावत किरकोळ वाटली तरी ‘प्रसूती अडली’ असे घाईने ठरवून सिझेरियन करायचे की आणखी थांबायचे, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

या रोटेशनचा गाभा मात्र अचानक उद्भवणाऱ्या प्रसंगांत आहे. डोके बाहेर आले आणि खांदा जघनास्थीमागे अडकला, तर विचार करत बसण्याइतका वेळ नसतो. मदतीला हाक मारायची, आईच्या मांड्या पोटाकडे दुमडायच्या, जघनास्थीच्या वर दाब द्यायचा, ही क्रिया हातांना पाठ असावी लागते. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला की एकीकडे गर्भाशय चोळणे, दुसरीकडे गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन, आणि रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचे असल्यास प्रसूतीपासून ३ तासांच्या आत, अशी कामे एकाच वेळी अनेक हातांनी करावी लागतात. एरवी शांत असलेला निवासी डॉक्टर येथे मोठ्या आवाजात स्पष्ट सूचना द्यायला शिकतो. माझ्या मते टाके घालण्याइतकेच हेही कौशल्य आहे, जरी लॉगबुकमध्ये त्याला रकाना नसतो.

हाय-रिस्कच्या रोटेशनमध्ये हातांना काम कमी आणि दिनदर्शिकेला जास्त असते. प्रत्येक नोंदीची सुरुवात गर्भाच्या वयाने होते, आणि ते वय पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून निश्चित केलेले आहे की नाही, हे वरिष्ठ हमखास विचारतात. त्यामागे कारण आहे. तारीखच दोन आठवड्यांनी चुकलेली असेल, तर व्यवस्थित वाढणारे बाळ वाढ खुंटलेले ठरू शकते. गर्भाशयमुखाची लांबी २४ आठवड्यांपूर्वी २५ मिलिमीटरहून कमी भरली तर काय करायचे, नाळेतील रोहिणीच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबलेला दिसला तर बाळाला आणखी किती दिवस पोटात ठेवता येईल, असे येथले प्रश्न असतात. उत्तर बहुतेक वेळा ‘आज काही करायचे नाही, परवा पुन्हा तपासू’ असे येते. लेबर रूममधून नुकत्याच आलेल्या डॉक्टरला हे उत्तर पचवणे जड जाते, आणि आईवडिलांना ते समजावून सांगणे त्याहून जड. सोनोग्राफीत काहीतरी वेगळे दिसते आहे, पण त्याचा अर्थ आत्ताच सांगता येत नाही, हे वाक्य घाबरवून न सोडता आणि खोटा धीरही न देता उच्चारायला शिकणे हा या रोटेशनचा मोठा भाग आहे.

दोन्ही ठिकाणी एकच यंत्र वापरले जाते, हेही गोंधळाचे एक कारण आहे. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे सीटीजी लेबर रूममध्ये लावले जाते ते कळांचा ताण बाळाला सोसतो आहे का हे पाहण्यासाठी. कळ ओसरू लागल्यावर ठोके खाली जात असतील आणि आलेखातील नेहमीची चढउतारही नाहीशी झाली असेल, तर प्रसूती लवकर उरकावी लागते. हाय-रिस्कमध्ये तेच यंत्र कळा नसताना लावतात. ३२ आठवड्यांनंतर २० मिनिटांत निदान दोनदा ठोके १५ने वाढून १५ सेकंद टिकले, तर बाळाची आजची स्थिती समाधानकारक मानून आईला घरी पाठवता येते.

एकाच आजाराचे उदाहरण घेतले म्हणजे फरक अधिक उघड होतो. २९ आठवड्यांच्या गर्भवतीचा रक्तदाब १५०/१०० आहे, लघवीत प्रथिने आहेत, पण डोकेदुखी, दृष्टीचा त्रास किंवा रक्ततपासणीत बिघाड नाही. हा प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाचा आजार आहे, तरीही हाय-रिस्कमध्ये येथे थांबण्याचा निर्णय होतो. नियमित तपासण्या होतात, बाळाची वाढ पाहिली जाते, आणि सर्व सुरळीत राहिल्यास प्रसूती ३७ आठवड्यांपर्यंत लांबवण्याचा प्रयत्न असतो. प्रसूती लवकर करावी लागेल असे दिसू लागले, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात. या उपचाराचा पाया लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने घातला. आता हीच स्त्री रात्री १७०/११५ रक्तदाब आणि तीव्र डोकेदुखी घेऊन लेबर रूममध्ये आली, तर आजार तोच असूनही काम पूर्ण बदलते. रक्तदाब ३० ते ६० मिनिटांच्या आत औषधाने खाली आणायचा, झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट सुरू करायचे, आणि ते चालू असताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती व लघवीचे प्रमाण पुन्हा पुन्हा तपासायचे.

चुकाही त्यामुळे वेगवेगळ्या होतात. लेबर रूमची सवय घेऊन हाय-रिस्कला गेलेला डॉक्टर प्रत्येक विचित्र आकड्यावर काहीतरी करायला धावतो. उलट दिशेने आलेला डॉक्टर ‘आणखी एक आलेख पाहू’ म्हणत राहतो. यांपैकी दुसरी चूक मला अधिक धोक्याची वाटते, कारण ती काळजीपूर्वक वागण्यासारखी दिसते.

दोन्ही रोटेशन एकमेकांना भिडतात ती जागा म्हणजे हाय-रिस्कच्या संघाने लिहिलेली प्रसूतीची योजना. पहाटे तीन वाजता ती उघडणाऱ्या लेबर रूममधील डॉक्टरला निदानाचा लांबलचक इतिहास नको असतो. प्रसूती कोणत्या मार्गाने करायची, ठोक्यांवर सतत लक्ष ठेवायचे का, नवजात शिशुतज्ज्ञांना केव्हा बोलवायचे, आणि कोणती औषधे द्यायची नाहीत, एवढे पहिल्या चार ओळींत सापडले पाहिजे. रक्तस्राव थांबवण्याच्या औषधांपैकी रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला मिथाइलएर्गोमेट्रिन टाळावे आणि दमा असलेल्या स्त्रीला कार्बोप्रोस्ट टाळावे, या दोन ओळी आठवडाभर आधी सवडीने लिहिलेल्या असतात, पण त्या वाचल्या जातात रक्तस्राव सुरू झाल्यावर.