वजन डाव्या पायावर गेलं का अंगच डावीकडं गेलं?

मामाजी फौजेतून रिटायर होऊन गावात आले तेव्हा पेटीसंगं गोल्फचा एक जुना सेव्हन आयर्न (बॉल मारायचा लोखंडी डोक्याचा दांडा, गोल्फमधे त्याला क्लब म्हणतात) अन् पिशवीभर बॉल घेऊन आले, अन् तेव्हापासून सोयाबीन निघालं की आमच्या रिकाम्या वावरात दोन-चार जण तरी संध्याकाळी स्विंग मारून राहिलेले दिसतात. मी पण त्यातलाच. पहिल्या वर्षी मामाजींनी एकच गोष्ट शंभर वेळा सांगितली, वरून खाली येतांना वजन डाव्या पायावर ने, अन् मी इमानदारीनं नेत होतो, कंबर, पोट, डोकं सगळंच डावीकडं. मामाजी वैतागून म्हणाले, "अबे, वजन नेजो म्हटलं, तू सोता काहून चालला?"

त्या एका वाक्यात सगळा घोळ आहे. वजन शिफ्ट होणं अन् अंग स्लाइड होणं, मोबाइलच्या व्हिडिओत दोन्ही सारखंच दिसतं कारण दोन्हीत कंबर डावीकडं सरकते. पण एकानं बॉल लांब जातो अन् दुसऱ्यानं ढेकूळ उडतं. (मी सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्याचं लिहून राहिलो, त्याचा बॉल डावीकडं मारायचा असतो, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

आधी ट्रान्झिशन म्हणजे काय ते. क्लब मागं-वर जातो तो बॅकस्विंग, खाली येतो तो डाउनस्विंग, अन् दोघांच्या मधला जो वळणाचा क्षण तो ट्रान्झिशन. चांगल्या खेळाडूला मोटामोटी बॅकस्विंगला पाऊण सेकंद लागतो अन् डाउनस्विंगला पाव, म्हणजे वरून खाली येतांना विचार करायला टाइमच नसतो, जे बिघडायचं ते वळणावरच बिघडतं. अन् या वळणावर सगळं शरीर एकदम वळत नाही. क्लब अजून मागं जातच असतो तेव्हा पाय अन् कंबर उलटी निघालेली असते, मग छाती, मग हात, शेवटी क्लब.

हे नवीन वाटत असेल तर आंब्याला गोटा मारून पाहा. हात कानामागं जात असतो तेव्हाच डावा पाय पुढं टेकतो, हात त्यानंतर येतो. आधी हात अन् मग पाय असं कोणी मारतच नाही, मारलं तर गोटा आंब्यापर्यंत पोचणार नाही. फावड्यानं ट्रॉलीत मुरूम फेकतांनाही तेच, अन् ते तर गोल्फच्या अजूनच जवळचं आहे, दोन्ही हात एका दांड्यावर अन् फेक बाजूला. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला ट्रान्झिशन येतं, फक्त हातात क्लब आला अन् कोणी "वजन ने" म्हटलं की तो विसरतो.

आता खरा फरक. "वजन" हा शब्दच इथं फसवतो. पायाखाली जे बदलतं तो दाब असतो, अन् दाब अन् वजन एक नाही. काट्याच्या वजनकाट्यावर उभे राहा अन् झटकन गुडघ्यात वाका, काटा आधी खाली येतो, मग तुम्ही थांबले की वर उसळतो. तुमचं वजन तेवढंच आहे, एक पावशेरही इकडचं तिकडं नाही झालं, फक्त जमिनीवरचा दाब बदलला. गोल्फमधे फोर्स प्लेटवर, म्हणजे पायाखालचा दाब मोजणाऱ्या पाटीवर, उभं करून हेच मोजतात, अन् चांगल्या खेळाडूत दिसतं ते असं की दाब उजव्या पायावरून डाव्यावर बराच सरकतो पण शरीराचा मध्य त्यामानानं थोडाच सरकतो.

मग डाव्या पायावर दाब येतो कुठून? एसटीत उभे असता, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, अंग पुढं जायला लागलं की पुढचा पाय आपोआप रोवला जातो. तो पाय तुम्हाला पुढं नेत नाही, तुम्हाला अडवतो. ट्रान्झिशनमधे डाव्या पायाचं काम हेच आहे. उजव्या पायानं जमीन ढकलून अंगाला डावीकडं थोडी गती दिलेली असते, डावा पाय ती अडवतो, अन् अडवल्यावर ती गती फिरण्यात जाते. बंडी उतारावरून जोरात येतांना एक चाक गोट्याला अडलं तर बंडी थांबत नाही, त्या चाकाभोवती गरकन फिरते, पाहिलं असेल. डावा पाय तो गोटा. डावा गुडघा आधी थोडा वाकलेला असतो, मग पाय सरळ होत डाव्या कमरेला मागं-वर ढकलतो, अन् त्याच ढकलण्यातून क्लबला वेग मिळतो.

स्लाइडमधे गोटाच नसतो. कंबर डावीकडं निघते अन् निघतच राहते, डाव्या पावलाच्याही बाहेर जाते, वजन पावलाच्या बाहेरच्या काठावर येतं, गुडघा बाहेर वाकतो. फिरणं बंद. त्यातही दोन प्रकार पाहिले मी. डोकं पण संगं गेलं तर क्लबचा सगळ्यात खालचा पॉइंट बॉलच्या बराच पुढं जातो, मग बॉल थिन लागतो, म्हणजे क्लबची खालची धारच बॉलला लागते, नाहीतर उजवीकडं निघून जातो. अन् डोकं मागं राहून नुसती कंबर गेली तर पाठ मागं कलते, उजवा खांदा खाली पडतो, क्लब बॉलच्या आधीच जमिनीत घुसतो, तो फॅट शॉट. माझा हा दुसरा होता, अन् उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी झाली की मनगटापर्यंत झिणझिण्या येत.

याच्या उलटी चूक पण सांगतो, कारण स्लाइड बंद करायला गेलेला माणूस हमखास तिथं जाऊन पडतो. "सरकू नको, फीर" म्हटलं की तो वरूनच कंबर गरकन फिरवतो, दाब उजव्या पायावरच राहतो, खांदे बाहेरून येतात अन् बॉल स्लाइस होतो, म्हणजे हवेत उजवीकडं वळतो. थोडं सरकणं पाहिजेच, दोन-चार बोटं, पण ते फिरण्याच्या आधी अन् थांबणारं. भाच्याचं हेच झालं, सहा महिने लागले त्याला दोन्हीच्या मधे यायला.

एक गोष्ट मात्र मनापासून लिहितो, डाव्या पायावर किती दाब पाहिजे याचा आकडा धरून बसू नका. केव्हिन बॉल अन् रसेल बेस्ट या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 62 खेळाडू मोजून 2007 मधे छापलं की बॉल लागतांना सगळ्यांचा दाब सारखा नसतो, काहींचा डाव्या पायावरच राहतो तर काहींचा अर्ध्या डाउनस्विंगनंतर परत मागं येतो, अन् चांगले खेळाडू दोन्हीत होते. पण ट्रान्झिशनच्या वेळी दोन्ही गटांचा दाब डावीकडंच जात होता. म्हणून लक्ष द्यायचं ते तिथं, बॉल लागतांनाच्या फोटोत नाही.

तपासायला मशीन नको. धुऱ्यावरून एक सरळ तुराटी आणा अन् डाव्या पावलाच्या बाहेर, कमरेपासून चार बोटं सोडून जमिनीत रोवा. हळू स्विंग करा. शिफ्ट बरोबर असेल तर कंबर तुराटीला जराशी टेकते अन् फिरून लगेच मागं सुटते. स्लाइड असेल तर कंबर तुराटीवर रेलून राहते, नाहीतर तुराटी कडकन मोडते. संगं बॉलच्या जागी कबड्डीला मारतो तशी फक्कीची एक रेघ मारा अन् बॉल न ठेवता क्लब फिरवा, माती रेघेच्या डाव्या बाजूनं उडाली पाहिजे, उजव्या बाजूनं उडाली तर अंग मागं कललं. अन् पावसानंतर वावर ओलं असेल तर त्या दिवशी राहू द्या, काळी माती बुटाला धरून ठेवते, पाऊल फिरत नाही अन् सगळा पीळ डाव्या गुडघ्यावर येतो.