मूळ नावाचा पेच: एलियास रेकॉर्ड कुठून आलं

ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत (डीएनएस म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी व्यवस्था) डोमेनसाठी नवं रेकॉर्ड, म्हणजे नोंद, तयार करताना ‘एलियास’ असं एक बटण दिसतं. ते चालू केलं की आयपी पत्ता लिहायची चौकट जाते आणि तिथे लोड बॅलन्सर (येणारी गर्दी अनेक यंत्रांत वाटणारा), क्लाउडफ्रंट (साइटच्या प्रती ग्राहकाच्या जवळून पुरवणारं), एस-थ्री (फाइली ठेवायची जागा) अशी ॲमेझॉनच्या सेवांची यादी येते. अंधेरीपासून ऐरोलीपर्यंतच्या ऑफिसांत हे बटण रोज कोणी ना कोणी दाबत असतं, आणि बहुतेकांना ते डीएनएसचाच एक भाग वाटतं. पण डीएनएसच्या मूळ नियमांत एलियास नावाचा रेकॉर्डप्रकार नाही. १९८७ साली लिहिलेल्या एका नियमापाशी क्लाउड अडलं, तेव्हा एका कंपनीने स्वतःच्या सर्व्हरांच्या आत काढलेली ही वाट आहे. ती का काढावी लागली हे माहीत असेल, तर ती कुठे चालते आणि कुठे संपते हेही कळतं.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याच्या काळात नाव आणि पत्ता यांची सांगड एकाच फाइलीत असायची. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती फाइल सांभाळायचा आणि जाळ्यावरची बाकीची यंत्रं तिची प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तसं हे अशक्य होत गेलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी इंटरनेटचे नियम मांडणारे आरएफसी ८८२ आणि ८८३ हे कागद लिहून डीएनएसची रचना मांडली, आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये आरएफसी १०३४ आणि १०३५ यांनी ती पक्की केली. आजही सगळं त्याच दोन कागदांवर उभं आहे.

त्यातल्या १०३४ मध्ये सीनेमचा नियम आहे. सीनेम म्हणजे ‘या नावाचा माणूस इथे राहत नाही, पलीकडच्या चाळीत अमुक नावाने विचारा’ अशी पाटी. नियम असा, की ज्या नावावर ही पाटी आहे तिथे दुसरी कुठलीही माहिती ठेवायची नाही. कारण सरळ होतं. पाटीही आहे आणि शेजारी वेगळी माहितीही आहे, तर विचारणाऱ्याने खरं कशाला मानायचं? शिवाय एकदा पाटी वाचलेल्या सर्व्हरला ती लक्षात ठेवून पुढे जाता यावं, दर वेळी मूळ सर्व्हरकडे ‘तिथे आणखी काही आहे का’ म्हणून परत यावं लागू नये, हाही हेतू त्या आरएफसीत स्पष्ट लिहिलेला आहे. मला हा नियम आजही योग्य वाटतो.

अडचण दुसऱ्या एका सक्तीमुळे आहे. कुठल्याही झोनच्या (एका डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या संचाच्या) माथ्यावर, म्हणजे ‘दुकान.इन’ अशा नुसत्या मूळ नावावर, दोन प्रकारची रेकॉर्डं असावीच लागतात: झोनची जबाबदारी सांगणारं एसओए आणि नेमसर्व्हर सांगणारी एनएस. ती तिथे आहेत म्हणजे सीनेम तिथे बसू शकत नाही. १९८७ साली याचा कोणाला त्रास नव्हता. मूळ नाव हे संस्थेचं नाव असायचं, यंत्रांना त्याखाली आपापली नावं असायची. पुढे वेब आलं तेव्हाही हीच पद्धत राहिली: फाइलींसाठी एफटीपी, वेबसाठी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, टपालासाठी मेल.

मुंबईचा या गोष्टीशी संबंध जुना आहे. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीएसटीतून, एर्नेटची, म्हणजे शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या जाळ्याची, सुरुवातीची जोडणी झाली. १९८९ मध्ये मिळालेल्या डॉट इनचा कारभारही अनेक वर्षं याच संस्थेकडे होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या काळातली साइट म्हणजे कुठल्या तरी एका यंत्रावरच्या फाइली. यंत्राला ठरलेला आयपी असायचा, तो ए रेकॉर्डमध्ये, म्हणजे नावासमोर पत्ता लिहायच्या नोंदीत, लिहिला की वर्षानुवर्षं बघायला लागायचं नाही. २००५ मध्ये डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडे गेला, नोंदणी सर्वांना खुली झाली आणि छोटे व्यावसायिकही स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊ लागले.

याच सुमारास लोकांच्या सवयीत एक बदल झाला. व्हिजिटिंग कार्डावरून, बसच्या मागच्या जाहिरातींवरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू गळत गेलं. लोक नुसतं मूळ नाव टाइप करू लागले आणि ते चालायलाच हवं अशी अपेक्षा तयार झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोमने पत्त्याच्या पट्टीतून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लपवायला सुरुवात केली. तोपर्यंत ही सवय पूर्ण रुळली होती.

इकडे यंत्राचा पत्ता ठरलेला असतो हे गृहीतही ढासळत होतं. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये भाड्याने यंत्रं देणारं ईसीटू आणलं आणि मे २००९ मध्ये लोड बॅलन्सर. लोड बॅलन्सर घेतला की आयपी मिळत नाही, एक लांबलचक नाव मिळतं. गणेशोत्सवात थेट दर्शन दाखवणाऱ्या साइटचं उदाहरण घ्या. आरतीच्या वेळी गर्दी वाढली की बॅलन्सरमागची यंत्रं वाढतात, रात्री ओसरली की कमी होतात, आणि त्यासोबत पत्तेही बदलतात. आज दिसलेला आयपी ए रेकॉर्डमध्ये लिहून ठेवला, तर उद्या तो दुसऱ्याच कोणाकडे असू शकतो. म्हणून नावाकडेच बोट दाखवायचं, म्हणजे सीनेम करायचं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी ते जमतं. मूळ नावासाठी १९८७ चा नियम आडवा येतो.

लोड बॅलन्सर आल्यानंतरच्या दोन वर्षांत लोकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. काहींनी मूळ नावासाठी ठरलेल्या आयपीचं एक छोटं यंत्र ठेवलं, आणि त्याचं काम एवढंच, की येणाऱ्याला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे धाडायचं. मागे कितीही मोठी व्यवस्था असली तरी दारातलं ते एकटं यंत्र पडलं की निम्मे लोक बाहेर. काहींनी नियम मोडून मूळ नावावर सीनेम टाकलं. बाइंडसारखा डीएनएस सर्व्हर असा झोन घेतच नाही. पण काही कंपन्यांची पॅनेलं तो मुकाट घ्यायची, आणि मग खरा घोळ टपालात व्हायचा. बाहेरचा मेल सर्व्हर एमएक्स, म्हणजे टपाल कुठे द्यायचं ते सांगणारं रेकॉर्ड, विचारतो, त्याला सीनेम दिसतं, तो लोड बॅलन्सरच्या नावाकडे जातो, तिथे एमएक्स नसतं, पत्र परत येतं. त्यातही ज्या सर्व्हरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, एमएक्स आधीपासून आहे त्याची पत्रं पोचत राहतात. एकाचा मेल येतो, दुसऱ्याचा येत नाही, वेबसाइट मात्र उत्तम चालते. अशा वेळी कारण डीएनएसमध्ये शोधावं हे पटकन सुचत नाही.

रूट ५३ डिसेंबर २०१० मध्ये आलं. मे २०११ मध्ये ॲमेझॉनने त्यात लोड बॅलन्सरसाठी एलियास दिलं. युक्ती अशी: झोनमध्ये तुम्ही ए रेकॉर्ड करता, पण त्यात पत्त्याऐवजी लोड बॅलन्सरचं नाव आणि त्याच्या झोनचा क्रमांक लिहिता. कोणी विचारलं की रूट ५३ आतल्या आत त्या नावाचे सध्याचे पत्ते शोधतं आणि बाहेर साधं ए रेकॉर्ड पाठवतं. विचारणाऱ्याला सीनेम कधी दिसतच नाही. शेजारी एसओए, एनएस, एमएक्स सगळं सुखाने नांदतं आणि १०३४ चा एकही शब्द मोडत नाही. टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत, मात्र आपल्या हातात राहत नाही, ज्याच्याकडे बोट आहे त्याचंच लागू होतं. अशा एलियासच्या विचारणांचे पैसे ॲमेझॉन घेत नाही, हेही त्याच्या प्रसाराचं एक कारण. डिसेंबर २०१२ मध्ये एस-थ्रीवरच्या साइटही मूळ नावावर बसवता येऊ लागल्या.

इतर डीएनएस कंपन्यांनीही वाटा काढल्या, पण प्रत्येकाने आपापल्या. डीएनसिंपलचं एलियास, डीएनएस मेड इझीचं एनेम, २०१४ मध्ये क्लाउडफ्लेअरने आणलेलं सीनेम फ्लॅटनिंग, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं एलियास. बाहेरून सारखी दिसणारी ही रेकॉर्डं आत वेगवेगळी वागतात, आणि तो फरक मुंबईत बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी जाणवतो. तो असा.

सीडीएन म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून जवळून पुरवणारं जाळं. त्याचा डीएनएस विचारणारा कुठे आहे ते बघून जवळच्या ठिकाणाचा पत्ता देतो. क्लाउडफ्रंटची ठिकाणं २०१३ पासून मुंबईत आणि चेन्नईत आहेत. बोरिवलीच्या ग्राहकाने सीनेममार्गे थेट विचारलं, तर त्याला मुंबईतला पत्ता मिळायला हवा. पण तुमचा डीएनएस एका कंपनीचा आणि सीडीएन दुसऱ्या कंपनीचं असेल, तर एलियास सोडवण्यासाठी सीडीएनला विचारणारा ग्राहक नसतो, डीएनएस कंपनीचा सर्व्हर असतो. तो अमेरिकेत असला तर उत्तरही अमेरिकेतलं मिळतं, आणि तेच बोरिवलीच्या हाती पडतं. साइट चालते, फक्त प्रत्येक चित्र समुद्र ओलांडून येतं. विचारणाऱ्याच्या जाळ्याचा अंदाज सोबत पाठवायची सोय मे २०१६ च्या आरएफसी ७८७१ मध्ये नोंदली गेली, पण ती सगळे पाठवत नाहीत. रूट ५३ आणि क्लाउडफ्रंट एकाच घरातले असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून दोन कंपन्यांमध्ये एलियास करण्यापूर्वी जिओच्या किंवा एअरटेलच्या जोडणीवरून मिळणारा पत्ता खरंच कुठला आहे, हे एकदा तपासावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईत एलियासचा वापर वाढला तो क्लाउड इथे आल्यावर. त्याआधी ॲमेझॉनचं जवळचं रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचा समूह, सिंगापूर होतं, २०१० पासूनचं. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत केंद्रं उघडली, जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबई रीजन आलं, २०१७ मध्ये गूगलचं. पाठोपाठ ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं: पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा, त्यासाठी सहा महिने. डेटा हलला तसे त्यापुढचे सर्व्हरही हलले. ज्यांची नावं एलियासवर होती त्यांना नवा लोड बॅलन्सर उभा करून एका रेकॉर्डाचं बोट वळवायचं होतं. ज्यांनी आयपी लिहून ठेवले होते त्यांना आधी टीटीएल कमी करा, मग थांबा, मग बदला, मग कुठल्या भागीदाराने जुना आयपी स्वतःच्या फायरवॉलमध्ये लिहून ठेवलाय ते शोधा, असं सगळं करावं लागतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनचं हैदराबाद रीजनही सुरू झालं. आता एकाच नावावर मुंबई आणि हैदराबाद अशी दोन एलियास ठेवून, पहिल्याची तब्येत बिघडली की वाहतूक दुसऱ्याकडे वळवण्याची सोय देशातल्या देशात करता येते.

या सगळ्या खाजगी वाटांचा एक सार्वजनिक रस्ता करावा म्हणून इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये एनेमचा मसुदा काही वर्षं चर्चेत होता. तो आरएफसी न होताच मागे पडला. त्याऐवजी नोव्हेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४६० आलं आणि त्यात एचटीटीपीएस नावाचं नवं रेकॉर्ड. त्याच्या एलियास रीतीत मूळ नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवता येतं, शेजारी एसओए, एनएस, एमएक्स असले तरी. म्हणजे हवी होती तीच गोष्ट, आणि ती कुठल्याही एका कंपनीची नाही.

ते सगळीकडे रुळेपर्यंत दोन गोष्टींना जपावं लागतं. एक म्हणजे स्थलांतर. कंपनीचं एलियास प्रमाणित झोन फाइलीत लिहिताच येत नाही, त्यामुळे डोमेन दुसऱ्या डीएनएसवर नेताना बाकी रेकॉर्डं जातात आणि नेमकं मूळ नाव मागे राहतं. नेमसर्व्हर बदलण्याआधी एलियासांची यादी वेगळी काढून ती नव्या ठिकाणी हाताने उभी करावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे मागे उरलेली बोटं. सीनेम ज्या क्लाउडमधल्या नावाकडे जातं ते नाव तुम्ही सोडून दिलं आणि सीनेम तसंच राहिलं, तर तेच नाव दुसरा कोणी घेऊन तुमच्या डोमेनखाली स्वतःचं पान लावू शकतो. अझूरच्या एलियासमध्ये साधन काढून टाकलं की रेकॉर्डही रिकामं होतं, ही त्यातली खरी उपयोगी गोष्ट.

आणि नवं एचटीटीपीएस रेकॉर्ड लावलं तरी जुनं एलियास काढता येत नाही. सगळे ब्राउझर त्याची एलियास रीत अजून पाळत नाहीत, आणि ते रेकॉर्ड न विचारणारी जुनी ॲप मूळ नावाचा ए रेकॉर्डच मागतात. त्यांना पत्ता द्यायला रूट ५३ मधलं ते बटण चालूच ठेवावं लागतं.