विशाखा मार्गदर्शक तत्त्वे

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाला आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी ‘विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य’ या निकालात घालून दिलेले नियम. 2013 साली संसदेने कायदा करेपर्यंत त्यांनाच कायद्याचे बळ होते.

जयपूरजवळच्या भटेरी गावातल्या, कुंभार समाजाच्या भंवरीदेवी राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. 1992 मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला सूड म्हणून आपल्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची त्यांची फिर्याद होती. आरोपी गावातल्या वरचढ जातींचे. गावाने भंवरीदेवींच्या घराला वाळीत टाकले; त्यांची मडकी कोणी घेईना, त्यांना दूध कोणी देईना. 1995 मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला शिवणार नाही, असाही तर्क निकालात होता. अपील वर्षानुवर्षे पडून राहिले.

संकट ओढवले ते सरकारी कामामुळे, पण काम देणाऱ्याची जबाबदारी सांगणारा कायदाच नव्हता. ‘विशाखा’सह काही महिला संघटनांनी याचिका केली ती याच मुद्द्यावर. भंवरीदेवींच्या फौजदारी खटल्याचा निर्णय त्यात व्हायचा नव्हता, झालाही नाही. सरन्यायाधीश जगदीश शरण वर्मा, सुजाता मनोहर आणि भूपिंदरनाथ किरपाल यांच्या पीठाने प्रत्येक आस्थापनेत स्त्रीच्या अध्यक्षतेखाली, निम्म्याहून कमी स्त्रिया नसलेली आणि बाहेरची त्रयस्थ व्यक्ती असलेली तक्रार समिती नेमण्यास सांगितले.

2013 च्या कायद्याने (बोलीभाषेत ‘पॉश’, म्हणजे ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’चे लघुरूप) दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. घरकामगारांसारख्या इतरांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची. दोन्ही पक्षांची नावे उघड करण्यास मनाई आहे, आणि गाव-कचेरीतली कुजबुज निकालाआधीच शिक्षा देऊन मोकळी होते हे पाहता ती रास्तच म्हणावी लागते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद वादग्रस्त ठरली. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे.

आरोपीच्या हक्कांचा प्रश्न गोव्यातून पुढे आला. गोवा विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाला समितीच्या अहवालावरून बडतर्फ केले होते. समितीने चौकशी घाईने उरकली, बचावाची पुरेशी संधी दिली नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी बडतर्फी रद्द केली. प्राध्यापक निर्दोष ठरले नाहीत. चौकशी पुन्हा समितीकडे गेली. कच्ची चौकशी तक्रारदार स्त्रीलाही महागात पडते, ती अशी. त्याच निकालात न्यायालयाने एका वृत्तपत्रीय पाहणीचा दाखला दिला: देशातल्या 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 महासंघांनी तोवर अंतर्गत समितीच नेमलेली नव्हती.