गिअर उशिरा पडतोय? आधी बॉनेट उघडा, गिअरबॉक्स नको

यवतेश्वरच्या घाटात वळणावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतंच ओरडतं. आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर जातो, गाडी मात्र आपल्याच चालीने चढत राहते. किंवा सकाळी लिव्हर डी वर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काही होत नाही आणि मग एकदम धाडकन गिअर पडतो. बारा-पंधरा वर्षांच्या ऑटोमॅटिक गाडीत असं सुरू झालं की ‘बॉक्स गेला’ हे निदान नाक्यावर उभ्या उभ्या मिळतं. गाडी या वयाची असली की बॉक्स उतरवायचा खर्च तिच्या किमतीलाच भिडतो. म्हणून त्या निदानाला मान डोलावण्याआधी एक शनिवार-रविवार बॉक्सच्या तेलासाठी काढावा.

पण गाडीत कोणता ऑटोमॅटिक आहे ते आधी पक्कं करा. इथे लिहिलंय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बॉक्सबद्दल आहे: चार गिअरची जुनी आय-टेन, पाच गिअरची सिव्हिक, २००८ नंतर आलेली पाच गिअरची सिटी वगैरे. २००३ ते २००८ च्या सिटीत सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा बॉक्स होता. त्याचं तेल वेगळं, आणि चुकीचं तेल पडलं की त्याचा पट्टा घसरतो. २०१४ च्या सेलेरिओपासून आलेला एएमटी तर मुळात मॅन्युअलच बॉक्स आहे, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलंय. त्याला पुढचं काहीच लागू नाही.

कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर ठेवलेल्या दोन पातेरी वाट्या. एक इंजिनबरोबर फिरते आणि तेल दुसरीवर फेकते, त्या माऱ्याने दुसरी फिरते. सिग्नलला डी मध्ये गाडी उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही ते यामुळेच. बॉक्सच्या आत क्लचच्या प्लेटांचे गठ्ठे असतात, त्यांना दाबतं तेच तेल, पंपाच्या प्रेशरने. कोणत्या गठ्ठ्याला कधी दाब द्यायचा हे व्हॉल्व्ह बॉडीतले, म्हणजे तेलाच्या वाटा असलेल्या भागातले सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा) ठरवतात. सगळ्याची उष्णता बाहेर नेणारंही तेलच. त्याच्याकडून अपेक्षा मात्र उलटसुलट आहेत. गिअरच्या दातांना त्याने बुळबुळीत ठेवायचं आणि क्लचच्या कागदी अस्तराला घट्ट पकडू द्यायचं. त्यासाठी त्यात घर्षण सांभाळणारी रसायनं मिसळलेली असतात, आणि उष्णतेने आधी संपतात ती हीच.

ती संपली की काय होतं ते साताऱ्याहून कराडकडे जाताना कळतं. ६० ते ८० च्या वेगात, पाय हलका असताना, गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी दोन-तीन सेकंद थरथरते. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की तो सरकण्याऐवजी उड्या मारतो आणि ठिपक्यांची रेघ उमटते, तसाच हा प्रकार. कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच (दोन्ही वाट्या थेट जोडणारा) हळूच पकडायच्या ऐवजी पकड-सोड, पकड-सोड करतो. नुसत्या तेलबदलाने सुटण्याची सर्वांत जास्त आशा असलेली तक्रार हीच.

आता डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी. इथेच बहुतेक चुका होतात, कारण तपासायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. होंडात इंजिन पूर्ण गरम करून बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत पातळी बघायची. ह्युंदाईच्या चार गिअरच्या बॉक्सला इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून न्यूट्रलला आणायचा आणि मग बघायचं. टोयोटात तेच, पण पार्कमध्ये. गाडी सपाटीवर हवी, उताराच्या अंगणात नको. थंड गाडीत बघू नका. तेल गरम झालं की फुगतं: सहा लिटर तेल २५ अंशांवरून ८० वर गेलं की जवळजवळ पाव लिटर वाढतं. थंडीत ‘कमी’ दिसलं म्हणून भर घातली की गरम झाल्यावर ते जास्त होतं, गिअर त्यात घुसळतात, फेस येतो. फेसातली हवा दाबली जाते आणि क्लच पुरेसा दबत नाही. म्हणजे जास्त तेलानेही गिअर घसरतो.

डिपस्टिक धागे सुटणाऱ्या फडक्याने पुसू नये, आत गेलेला धागा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि दहा मिनिटं थांबा. तेल पसरून कडेला फिकट गुलाबी किंवा तपकिरी झालं तर ठीक. मधोमध काळा ठिपका बसून राहिला आणि भोवती तेल सरकलं नाही, तर अस्तराचा भुगा तेलात आहे. मग वास घ्या. लाल रंग हा नुसता रंगच आहे, तो उडाला म्हणून तेल मेलं असं नाही. पण करपलेल्या फोडणीसारखा वास आला तर क्लच जळलेत, आणि ते तेल बदलून परत येत नाहीत.

पातळी बरोबर, वासही बरा, तरी त्रास आहे? मग बॉक्सच्या बाहेरचं बघा. डी टाकताना नुसता धक्का बसतो, गिअर मात्र लगेच पडतो, अशा वेळी अनेकदा फाटलेलं असतं इंजिनला धरून ठेवणारं रबरी माउंट. ब्रेक दाबून कुणाला तरी डी, आर, डी करायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. इंजिन पेटीत उडी मारताना दिसेल. गाडी पी मध्ये सुरू होत नाही पण एन मध्ये होते, तर लिव्हरची केबल किंवा गिअरची जागा सांगणारा स्विच. लिव्हर पी मधून निघतच नाही, तर आधी मागचा ब्रेकदिवा लागतो का ते बघा, कारण तो दिवा लावणारा ब्रेकचा स्विचच लिव्हरचं कुलूप उघडतो. बॅटरी बंद इंजिनाला १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४ हवी. अर्थिंगची पट्टी गंजली असली तर सोलेनॉइड अर्धवट उघडतात आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकून राहते. तो बिघाड नसून बॉक्सने स्वतःला वाचवायला घेतलेली सुरक्षित चाल असते. ओबीडी पोर्ट (बिघाडाचे कोड वाचायचा सॉकेट) असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर कोड वाचतो. पी०७०० म्हणजे फक्त ‘बॉक्सची तक्रार आहे’, नेमकं त्याच्या जोडीच्या कोडमध्ये असतं: पी०७४० लॉकअपच्या सर्किटचा, पी०७५० शिफ्ट सोलेनॉइडचा. जुन्या होंडांत काही सोलेनॉइड बॉक्सच्या अंगावर बाहेरच बसवलेले असतात, ते मल्टिमीटरने घरी मोजता येतात. ऑन-ऑफ सोलेनॉइडचा रोध साधारण ११ ते २५ ओहम आणि प्रेशर सांभाळणाऱ्याचा ५ च्या आसपास येतो. शून्य किंवा अनंत दाखवलं तर तो गेला.

तेल बदलायचं ठरलं तर पहिला मुद्दा कॅनचा. होंडाला डीडब्ल्यू-१, जुन्या ह्युंदाईला एसपी-३, टोयोटाला मॉडेलप्रमाणे टी-४ किंवा डब्ल्यूएस. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ लिहिलेला कॅन दुकानातच राहू द्या. दुसरा मुद्दा असा की बोल्ट काढल्यावर सगळं तेल बाहेर येत नाही. समजा बॉक्समध्ये सहा लिटर आहे, तर अडीच पडतं आणि उरलेलं कन्व्हर्टर व कूलरमध्ये राहतं. एका बदलानंतर जुनं ५८ टक्के उरतं, दुसऱ्यानंतर ३४, तिसऱ्यानंतर २०. म्हणून अडीच-अडीच लिटर तीन वेळा, मध्ये पाचशे-हजार किलोमीटर चालवून. मशीन लावून एका दमात फ्लश करणं दहा वर्षं न बदललेल्या बॉक्सला करू नये. तळाशी बसलेला गाळ उठून थेट व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जातो. ‘नवीन तेल घातलं आणि बॉक्स मेला’ या गोष्टींत थोडं तथ्य इथे आहे. बाकीचं सोपं आहे: तेलाची आठवण लोकांना बॉक्स मरायला टेकल्यावर होते.

गाडी दहा मिनिटं फिरवून कोमट करा, उकळती नको. मागच्या चाकांना दगड लावा, पुढे जॅकने उचला आणि गाडीखाली दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. आधी भरायची जागा मोकळी होते ना ते पाहून मगच खालचा बोल्ट सोडा, नाहीतर तेल काढून बसाल आणि भरता येणार नाही. बोल्टही नीट ओळखा. बॉक्सऐवजी इंजिनचं तेल काढून बॉक्स तसाच ठेवणं, वर इंजिनात दुप्पट भरणं, हे गॅरेजमध्येसुद्धा घडतं. होंडाच्या बोल्टला बाहेर षटकोन नसतो, ३/८ इंची चौकोनी खड्डा असतो, रॅचेट थेट त्यात बसतो. बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप दिसेल, तो चोळून बघा. बोटांत गुळगुळीत लागला तर ती नेहमीची झीज. खरखरीत कण किंवा चमचमणारी पापुद्री लागली तर तेलावर आणखी पैसे घालू नका.

निघालेलं तेल गार झाल्यावर मापाच्या भांड्यात मोजा आणि नेमकं तेवढंच नवीन भरा, लांब नळीच्या नरसाळ्याने, अर्धा-अर्धा लिटर. वॉशर दर वेळी नवा. होंडाचा बोल्ट ४९ न्यूटन-मीटरला आवळतात. ज्या बॉक्सना खाली पॅन आहे त्यांचे छोटे बोल्ट मात्र १० च्या आसपासच. रॅचेटला लटकून आवळले की अॅल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबरच बाहेर येतात. पॅनला सिलिकॉन फासताना हात आवरा, आतल्या बाजूला सुटलेला तुकडा तेल गाळणाऱ्या जाळीत जाऊन बसतो. डिपस्टिकच नसलेल्या बॉक्सची पातळी ठरावीक तापमानाला, स्कॅनर लावून बघावी लागते. ते काम घरी नको.

सांगलीसाठी एक वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये गावभाग, हरभट रोड भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. बॉक्सला वर हवेची नळी असते, पाणी तिच्यातून आणि डिपस्टिकच्या तोंडातून शिरतं. डिपस्टिकवर पाचगणीच्या स्ट्रॉबेरी क्रीमसारखा गुलाबी मलईदार द्रव दिसला तर स्टार्टर मारू नका, आणि पुढची चाकं उचलल्याशिवाय ओढूही नका. कागदी अस्तर पाणी पितं, त्याचा गोंद सुटतो. पूर न येताही हेच दिसलं तर रेडिएटरच्या आतला बॉक्सचा कूलर फुटलाय. मग रेडिएटरही बदलायला हवा. नुसतं तेल बदललं तर आठवड्यात पुन्हा क्रीम.

घाटात बॉक्स सर्वांत जास्त तापतो तो हळू चढताना, कारण लॉकअप सुटलेला असतो आणि कन्व्हर्टर नुसतं तेल घुसळत असतो. पसरणीच्या घाटात सुटीच्या रांगेत अडकलात तर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. चढताना लिव्हर २ वर ठेवला की तिसरा-दुसरा-तिसरा हा खेळ थांबतो, उतरतानाही तोच.

एवढं करूनही गरम झाल्यावर रिव्हर्स पडत नसेल किंवा चढाला घसरणं तसंच असेल, तर आतले सील किंवा क्लच. मेकॅनिककडे जाताना ‘गिअर त्रास देतोय’ एवढंच सांगू नका. कोणत्या गिअरवरून कोणत्यावर जाताना, थंड की गरम, किती किलोमीटरला किती लिटर कोणतं तेल घातलं, चुंबकावर काय निघालं, कोड कोणते आले, हे कागदावर लिहून न्या. जुनं तेल त्याच फेरीत कॅनमध्ये घालून न्या, गॅरेजवाले जळकं तेल ठेवून घेतात.