बेघर आणि व्यसनाधीन माणसासाठी (तो माजी सैनिक असेल तरीही) नाशिकमध्ये अर्ज कसा करावा

रामकुंडावर, नाशिकरोड स्टेशनबाहेर किंवा सीबीएस बसस्थानकाच्या आडोशाला झोपणाऱ्या माणसाला मदत मिळते, पण तीन वेगळ्या दारांतून: उपचार, निवारा आणि फौजेत होता तर सैनिक कल्याण. बहुतेकांची गाडी आधार कार्डापाशीच रुतते, कारण सुरुवातच तिथून करतात. क्रम उलटा धरा.

आधी उपचार. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 नुसार निराधार किंवा बेघर माणसाला सरकारी आणि सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांत उपचार मोफत आहेत, रेशनकार्ड खिशात असो वा नसो. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही याच कायद्यात येतात. तरीही खिडकीवर ‘पिवळं कार्ड आणा’ ऐकावं लागतं. तेव्हा वाद न घालता कलमाचा आकडा सांगा आणि नकार लेखी मागा. दुसरं पालुपद ‘नातेवाईक आणा’. स्वतःचा निर्णय घेऊ शकणारा सज्ञान माणूस आपणहून दाखल होत असेल, तर कलम 86 प्रमाणे नातेवाइकाची संमती किंवा हजेरी लागत नाही. घरच्यांनी कधीच नाव टाकलेल्या माणसाकडे नातेवाईक मागायचे, याला काय म्हणावं!

एक कळकळीची सूचना: साहेबांसमोर नीट दिसावा म्हणून रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी तोडू नका. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आहे तसा सरकारी रुग्णालयात न्या. कुठे न्यायचं कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे.

निवाऱ्यासाठी महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात विचारणा करा. शक्यतो दिवसा न्या, रात्री प्यायलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं जाण्याची भीती असते.

आता आधार. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने आधारच्या ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. साध्या लेटरहेडवरचा चालत नाही, आणि दाखल्याची मुदत तीन महिन्यांची असते. कार्ड हरवलं असेल तर नवी नोंदणी मुळीच करू नका. जुने ठसे जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. केंद्रावर ठसे देऊन जुनाच क्रमांक शोधून घ्या.

माजी सैनिकांचं घोडं मात्र डिस्चार्ज बुकावर, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीवर अडतं. फुटपाथवर राहणाऱ्याकडे ते क्वचितच उरतं. हरवल्याची पोलिसांत नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस इथेच नाशिकरोड कॅम्पला आहे, म्हणून सगळेच तिकडे धावतात. पण मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांची कागदपत्रं बेळगावला असतात, महार रेजिमेंटवाल्यांची सागरला. सैनिक क्रमांक आठवत नसेल तर आधी तोच शोधा: जुनं बँक पासबुक, कँटीन कार्ड, गावाकडचं एखादं पत्र.

बुक मिळालं की सेवा का संपली ती ओळ वाचा. पेन्शनपूर्वी स्वतःच्या विनंतीवरून सुटलेला किंवा बडतर्फ झालेला जवान साधारणपणे माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही. हे आधीच कळलं तर हेलपाटे वाचतात.

पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाला आणि विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्यांसाठीचं मासिक अनुदान मिळतं. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ते महिना 4,000 ऐवजी 8,000 रुपये आहे. अर्ज ऑनलाइन, छाननी जिल्हा कार्यालयात. आधारवरची आणि डिस्चार्ज बुकातली जन्मतारीख आधीच ताडून पाहा. आधारवर अंदाजाने 1 जानेवारी टाकलेली असते आणि अर्ज तिथेच लटकतो.

पेन्शन होती पण बंद पडली, असं सांगणारेही भेटतात. हयातीचा दाखला दिला नाही म्हणून पेन्शन थांबते, त्याने हक्क संपत नाही. दाखला गेला की मागची रक्कमही मिळते. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो.