मेलेल्या ताऱ्यांची घड्याळं आणि आपलं खोडद

न्यूट्रॉन तारा म्हटलं की सगळे त्याच्या घनतेबद्दलच बोलतात, आणि ती आहेच तशी भन्नाट. सूर्याच्या आठपटीहून मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो, इलेक्ट्रॉन-प्रोटॉन एकमेकांत दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात, आणि सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान पुणे शहरात मावेल एवढ्या, २०-२५ किलोमीटरच्या गोळ्यात उरतं. पण मला विचाराल तर खरी कमाल त्याच्या फिरण्यात आहे.

गाभा आकसला की गिरकी वाढते, चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओलहरींचा झोत निघतो आणि तो पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक ठोका मिळतो. १९६७ साली केंब्रिजला पीएचडी करणाऱ्या जोसलिन बेलला रेडिओ दुर्बिणीच्या चार्टच्या कागदावर एक बारीक खूण दिसली, नीट बघितल्यावर कळलं की दर १.३४ सेकंदांनी ठोका पडतोय. असे ठोके देणाऱ्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याला पल्सार म्हणतात, आणि हाच पहिला पल्सार. १९७४ चं नोबेल तिच्या गाईडला मिळालं, तिला नाही. हे मला आजही पटत नाही.

काही पल्सार तर सेकंदाला शेकडो वेळा फिरतात, आणि इतके नियमित की पुढचा ठोका कधी येणार ते आधीच सांगता येतं. मग गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांनी, अवकाश ताणलं-आकसलं तर ठोका किंचित लवकर किंवा उशिरा येणार, फरक साधारण सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढा. तो पकडणं सोपं नाही, कारण वाटेत इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत, ते रेडिओलहरींना उशीर करतात, फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका उशीर जास्त, आणि हा उशीरही बदलत राहतो. तो वजा केल्याशिवाय हिशोब जुळतच नाही.

इथे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कामाला येते. ४५ मीटरच्या ३० अँटेना, कमी फ्रिक्वेन्सीवर ऐकणाऱ्या, त्यामुळे हा उशीर फार बारकाईने मोजता येतो. जून २०२३ मध्ये युरोपियन आणि भारतीय टीमने २५ पल्सारच्या नोंदी एकत्र करून संथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या टीमनीही त्याच वेळी तेच सांगितलं. या लहरींची एकेक लाट जायला वर्षानुवर्षं लागतात. बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमधून त्या येत असाव्यात, पण त्यावर शिक्कामोर्तब व्हायचंय, त्यासाठी आता सगळ्यांचा डेटा एकत्र करायचं काम चालू आहे.