स्तनरोपण

स्तनरोपण : शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या स्तनाची पुनर्रचना करण्यासाठी किंवा आहे त्या स्तनाचा आकार वाढवण्यासाठी छातीच्या त्वचेखाली वा स्नायूखाली कृत्रिम पिशवी बसवण्याची शस्त्रक्रिया. पिशवीला ‘इम्प्लांट’ हाच शब्द सर्वत्र रूढ आहे. बोलताना ‘जेलचं’ आणि ‘पाण्याचं’ असा भेद केला जातो.

उगम : स्तनाच्या पुनर्रचनेचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी केला. गाठ काढल्याने पडलेली पोकळी त्यांनी त्याच रुग्णेच्या पाठीकडील चरबीच्या गाठीने भरली. त्यानंतरच्या पॅराफिनच्या (एका प्रकारच्या मेणाच्या) इंजेक्शनांविषयी मात्र सालांचा घोळ आहे. व्हिएन्नाचे रोबेर्ट गेर्सुनी यांनी ती १८८९ मध्ये सुरू केली, असे अनेक ग्रंथांत छापलेले आढळते. गेर्सुनी यांचा स्वतःचा लेख १९०० सालचा असून त्यातला पहिला प्रयोग १८९९ मधला आणि पुरुष रुग्णावरचा, वृषणाच्या जागी भर घालण्याचा आहे. १८८९ हा आकडा एकाने चुकीचा छापला आणि पुढच्यांनी तोच उचलला, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. पॅराफिनने ऊती कडक होत, जखमा चिघळत. ही पद्धत मागे पडली.

सिलिकोन जेलच्या पिशवीचे श्रेय अमेरिकेत ह्यूस्टन येथील टॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांना दिले जाते. रक्तपेढीत काचेच्या बाटलीऐवजी नव्याने आलेली प्लॅस्टिकची रक्तपिशवी हातात धरताना जेरो यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. या शोधाचे साल १९६१, १९६२, १९६३ आणि १९६४ असे चार प्रकारे दिलेले सापडते. यात खरा विरोध नाही : रचना १९६१ च्या सुमारास, पहिली रुग्णा १९६२ मध्ये, परिषदेतील निवेदन १९६३ मध्ये आणि छापील वृत्तांत त्यानंतर. शस्त्रक्रियेच्या इतिहासात रुग्णेवरील वापराचे साल धरणे योग्य, म्हणून १९६२. मिठाच्या पाण्याची पिशवी फ्रान्समध्ये आरियाँ यांनी १९६४-६५ च्या सुमारास आणली.

प्रकार : दोन्ही प्रकारांत बाहेरचे कवच सिलिकोनचेच असते; फरक आतल्या भरावाचा. पाण्याची पिशवी फाटली तर काही दिवसांत बसते, बाईला आरशात कळते आणि पाणी शरीरात निर्धोकपणे शोषले जाते. पण हाताला ती पाण्यासारखीच लागते व त्वचा पातळ असल्यास कडेला सुरकुत्या दिसतात. जेलचा स्पर्श नैसर्गिक स्तनाच्या जवळ जातो. १९७० च्या दशकातील जेल पातळ होते, काकवीसारखे ओघळणारे. कवचही पातळ, त्यामुळे त्या काळातल्या पिशव्या अधिक फुटल्या. आजचे घट्ट जेल कापले तर खरवसाच्या वडीसारखी कड धरून राहते, वाहत नाही.

जेलच्या पिशव्यांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये मोठे निर्बंध घातले आणि २००६ मध्ये त्यांना पुन्हा मान्यता दिली. २०१० मध्ये फ्रान्समधील पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकोन भरल्याचे उघड झाले. हा दोष भेसळीचा होता. तो सगळ्या जेल पिशव्यांच्या माथी मारणे बरोबर नाही.

कवचाचा पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरखरीत असतो. थेंबाच्या आकाराची पिशवी आत फिरू नये म्हणून ती खरखरीत करतात. गोल पिशवी फिरली तरी आकार बदलत नाही. पिशवीभोवती शरीर स्वतः जे आवरण तयार करते, त्यात होणारा एक विरळ लसिकाकर्क (लसिका पेशींचा कर्करोग, एएलसीएल) मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाशी जोडला गेला. त्याचा पहिला रुग्ण १९९७ मध्ये नोंदला गेला; जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीच्या ‘बायोसेल’ पिशव्या जगभरातून मागे घेण्यात आल्या. त्रास नसेल तर अशी पिशवी केवळ भीतीपोटी काढू नये, असाच सल्ला तेव्हा दिला गेला. मात्र वर्षे उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली, तर पिशवीभोवती साचलेले पाणी काढून तपासलेच पाहिजे.

निवड : आकारमान ‘सीसी’मध्ये (घन सेंटीमीटर) मोजतात, पण निवडीत छातीची रुंदी आणि त्वचेची जाडी आधी पाहावी लागते. पिशवी स्नायूखाली ठेवल्यास कडा झाकल्या जातात. मात्र हाताने जोर लावताना स्तन हलतो व ओढला जातो. उसाच्या वाड्याचा भारा उचलणारी किंवा रोज चार म्हशींची धार काढणारी बाई असेल, तर हा मुद्दा शस्त्रक्रियेआधीच बोलला गेला पाहिजे. सर्जन विचारत नसतील तर तिने आपले काम स्वतःहून सांगावे. किरणोपचार झालेल्या किंवा व्हायच्या असलेल्या छातीत पिशवीभोवतीचे आवरण आवळून कडक होण्याचा धोका बराच वाढतो. अशा वेळी पाठीच्या स्नायूचा किंवा पोटाच्या चरबीचा पर्याय आधी विचारात घ्यावा, हे मत सरस वाटते.

बदल : ‘दहा वर्षांनी बदलायचेच’ हा समज पक्का बसला आहे. हा आकडा बहुधा कंपन्यांच्या वॉरंटीतून आणि दहा वर्षे चाललेल्या पाहणी-अभ्यासांतून आला असावा. पिशवी जन्मभर टिकण्यासाठी केलेली नसते, हे खरे. पण ठणठणीत पिशवी केवळ तारीख उलटली म्हणून काढण्याचा नियम नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०११ च्या अहवालानुसार आकार वाढवण्यासाठी बसवलेल्यांपैकी पाचांत एकीला आणि पुनर्रचनेच्या रुग्णांत दोघींत एकीपर्यंत दहा वर्षांत पिशवी काढावी लागते. बदलण्याची खरी कारणे म्हणजे फाटणे, आवरण कडक होणे, जागा सरकणे, संसर्ग आणि आकाराविषयी बदललेली इच्छा. कडकपणा सर्जन बेकर यांच्या चार पायऱ्यांत मोजतात. तिसऱ्या पायरीला आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतेही.

जेलची पिशवी फाटली तरी बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. म्हणून त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक तपासणी, एमआरआय किंवा सोनोग्राफीने करावी, असा त्याच प्रशासनाचा २०२० पासूनचा सल्ला आहे. सोनोग्राफीला मिळालेली ही मान्यता तालुक्याच्या गावातील रुग्णांसाठी फार मोलाची आहे. मॅमोग्राफीला जाताना पिशवी असल्याचे आधीच सांगावे, म्हणजे ती मागे सारून वेगळे फोटो घेता येतात.

कोल्हापूर परिसर : गडहिंग्लज, चंदगड, निपाणी आणि सिंधुदुर्गातून रुग्ण कोल्हापुरात येतात, सीपीआर या सरकारी रुग्णालयात तसेच खाजगी रुग्णालयांत. काहींची मूळ शस्त्रक्रिया मुंबईला झालेली असते आणि पुढची तपासणी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत. अशा वेळी सोनोग्राफी करणाऱ्याला पिशवी कोणती, हे अंदाजानेच ठरवावे लागते. कारण माहिती मुंबईच्या फाइलमध्ये राहते. प्रत्येक पिशवीसोबत चिकटपट्ट्या येतात : त्यांवर कंपनी, प्रकार, सीसी, लॉट आणि अनुक्रमांक छापलेला असतो, डाव्या-उजव्या बाजूची नोंद सर्जन करतात. एक पट्टी रुग्णेच्या कार्डावर लागते, दुसरी रुग्णालयाच्या नोंदीत. कार्ड हरवले असेल तर शस्त्रक्रियेची तारीख आणि केसपेपर नंबर घेऊन त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात त्या नोंदीची प्रत मागावी.